आंदणाच्या शेळ्या

माझ्या धाकट्या बहिणीला, गोदावरीला, लग्नात आबांनी एक शेळी आंदण दिली. आमच्यात तशी रीतच होती. भांडी, लुगडं, पलंग हे सगळं लेकीबरोबर सासरी जायचं, शेळी मात्र जायची नाही. ती बापाच्या कळपातच राहायची, बापाघरचा माणूस तिला चारायचा, पण शेळी लेकीची आणि तिला होतील तेवढी पिल्लंही लेकीचीच. गोदीचं सासर डोंगरकड्याला. तिच्या घरची माणसं दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत कामाला जायची. स्वतःची वीतभर जमीन नव्हती, मग शेळी कुठे चारणार? त्यामुळे गोदीची शेळी साखऱ्याला, आमच्या गावी, शेळ्यांच्या वाडग्यातच राहिली. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा, पण लग्न तिचं आधी झालं. वऱ्हाडाची जीप निघाली तेव्हा ती खिडकीतून डोकं काढून रडत रडत मला म्हणाली, "दादा, माझ्या शेळीला बाभळीच्या शेंगा चार रे." आईबापाचं, भावाचं काही नाही. शेळीचं. लोक हसले. मीही हसलो, पण पोटात काहीतरी टोचलं. ते टोचणं पुढे किती वाढलं तेच मला इथे सांगायचं आहे.

आमचं घर म्हणजे पुढे पत्र्याची एक खोली आणि मागे काट्याकुट्यांचं कुंपण घातलेलं वाडगं. घर लहान आणि वाडगं मोठं. सांजच्याला कळप डोंगरावरून उतरला की आधी घंटांचा आवाज यायचा, मग धूळ यायची, मग शेळ्या. घरी कोंडून ठेवलेली करडं तो आवाज ऐकताच एकदम ओरडायला लागत. माय ताटी उघडायची आणि क्षणभर नुसता गोंधळ. एवढ्या शेळ्या, एवढी करडं, पण प्रत्येक करडू बरोबर आपल्या आईच्या कासेला जाऊन लागायचं आणि बघता बघता सगळं शांत व्हायचं. मग फक्त दूध पिण्याचा चुटूचुटू आवाज. आबा तेव्हा दगडावर बसून तंबाखू मळायचे. मोजायची त्यांना गरज नसायची. कोण आलं, कोण मागे राहिलं, त्यांना त्या शांततेवरूनच कळायचं. चुलीवर माय भाकरी थापत असायची, तव्यात अंबाडीची भाजी, पाट्यावर ठेचा. आजही भाकरीचा वास आला की त्यात मला शेळीच्या लेंड्यांचा वास येतो. माझ्या सुनेला हे सांगितलं तर ती ताट उचलून आत नेईल.

कळपात सगळ्याच शेळ्या आमच्या नसायच्या. गावातल्या कुणाची एखादी, कुणाच्या दोन, अशा आम्ही अर्धलीने चारायचो. म्हणजे शेळी त्याची, चारणं आमचं, आणि होणाऱ्या पिल्लांत निम्मी त्याची, निम्मी आमची. कुणाची कोणती ते कळावं म्हणून कानाला खूण. आबांच्या शेळ्यांचा उजव्या कानाचा शेंडा कापलेला. गोदीच्या शेळ्यांना डाव्या कानाला मधोमध एक काप. आणि आबांचा एक नियम होता, तो साऱ्या पंचक्रोशीला माहीत होता. चारायला घेतलेली शेळी मेली, लांडग्याने नेली, काहीही झालं, तरी मालकाला तिचा कान आणून दाखवायचा. कान दाखवला तर नुकसान मालकाचं. कान दाखवता आला नाही तर शेळी भरून द्यायची. आबा म्हणायचे, "तोंडाची भाषा खोटी असू शकते, कानाची न्हाई." या नियमामुळे लोक डोळे झाकून आबांकडे शेळ्या सोडायचे. आबांची सगळी पत तीच.

आता माझी तक्रार ऐका. गावातल्या कुणाचीही शेळी चारली तर निम्मी पिल्लं आमची. गोदीची शेळी चारली तर एकही नाही, कारण लेकीकडून अर्धल घेत नाहीत. ऊन माझ्या डोक्यावर, काटे माझ्या पायात, आणि वाढायचं तिचं. गोदीची शेळी जातीची होती, वेतागणिक दोन-दोन करडं द्यायची, आणि त्यातही माद्याच जास्त. आबांनी मला कधी शेळी दिली नाही. ते म्हणायचे, "सगळं तुझंच हाय की रे, येगळं काय देऊ?" सगळं माझं म्हणजे माझं काहीच नाही, हे तेव्हा मला पटलेलं होतं.

गोदी दिवाळीला यायची आणि आखाडात यायची. जीपमधून उतरली की पिशवी मायच्या हातात देऊन आधी वाडग्यात जायची. माय ओरडायची, "अगं हातपाय तर धू! बकऱ्या काय पळून नाही चालल्या."

"पळाल्या तर दादा आणतेच की हुडकून."

आबा तिच्या मागोमाग. एरवी ते दिवसभरात माझ्याशी चार शब्द बोलत, तेही "उद्या डगरीकडं ने" अशा तऱ्हेचे. गोदी आली की त्यांची जीभ सुटायची. कोणती गाभण आहे, कोणती म्हातारी झाली, कोणत्या बोकडाची पाठ भरली आहे. एका दिवाळीचं चांगलं आठवतं. आबांना घरखर्चाला पैसे हवे होते आणि गोदीचा एक दांडगा बोकड बाजारात न्यायचा त्यांनी ठरवलं होतं.

"आबा, दिवाळीत काहून विकता?" गोदी म्हणाली.

"पैका लागून राहिला, बाई."

"तुमाला लागून राहिला, का बोकडाला? आता साऱ्या गावाला पैका लागून राहिला, सारे बोकड बाजारात येतीन, भाव पडंल. ईदीपस्तोर राहू द्या. तवा व्यापारी घरी येते."

"अन् तवर चारायचा कोणी?" मी म्हणालो.

"तूच की दादा. मामानं भाचीसाठी एवढं बी न्हाई करायचं व्हय?" तिच्या कडेवर तेव्हा पोर होती, ती माझ्याकडे बघून हसली.

आबा खूश. "पोरीचा हिशोब बराबर हाय," म्हणाले आणि त्या दिवाळीत स्वतःचाच एक बोकड नेऊन विकला. माय धपाटे थापत होती, खरपूस भाजलेला पहिला धपाटा तिने गोदीला दिला, वर लोण्याचा गोळा. मला दुसरा मिळाला. दुसऱ्यावरही लोणी होतं. पण मला तो पहिला नव्हता एवढंच दिसत होतं.

ईदीला तो बोकड विकला गेला तेव्हा दिवाळीच्या भावाहून चांगलाच वर गेला. गोदीने ते पैसे काय केले? निम्म्यात एक पाठ घेतली, पाठ म्हणजे तरणी मादी, अजून व्यायली नसलेली. उरलेले घेऊन ती पोस्टात गेली आणि दामदुप्पट होणारं पत्र घेतलं. लुगडं नाही, पाटल्या नाहीत. मी विचारलं, "तुला साधं डोरलं घ्यावं वाटत न्हाई?" तर म्हणाली, "डोरलं वितंय व्हय दादा?" मादी विकायची नाही, बोकड गरजेला नाही तर भावाला विकायचा, आलेल्यातलं निम्मं परत कळपात आणि निम्मं कळपाच्या बाहेर, जिथे रोगराई पोचत नाही अशा ठिकाणी. हे ती कुणाकडून शिकली नव्हती. आबांचंच बघून तिने ते धरलं होतं. मीही तेच बघत होतो, रोज बघत होतो, पण मी शेळ्या बघत नव्हतो, मी गोदीच्या शेळ्या बघत होतो. आता माझा मुलगा मोबाईलवर त्याचे म्युच्युअल फंड दाखवतो. हिरवी रेघ वर जाते, खाली येते. तो मला समजावतो, "बाबा, मोडायचं नाही, वाढू द्यायचं." मी मान हलवतो. त्याला वाटतं म्हाताऱ्याला काही कळलं नाही.

त्याच सुमारास शेजारच्या गोरेगावच्या बाजारात झाडांच्या योजनेचा एक माणूस यायला लागला. सफारी, खांद्याला बॅग, केसांना तेल. लोक त्याला साहेब म्हणायचे. हॉटेलात टेबलावर तो फोटोंचा अल्बम उघडून बसायचा. सागवानाच्या रांगाच रांगा, त्यात उभा असलेला हसरा माणूस. आपण एका झाडाचे पैसे भरायचे, कंपनी ते आपल्या नावाने लावणार, वाढवणार, आणि काही वर्षांनी तोडून विकलं की भरलेल्याच्या वीसपट मिळणार. मी चहा घेत ऐकत बसलो होतो. साहेबाने विचारलं, "काय करता?"

"बकऱ्या."

"अहो, बकरी आजारी पडते, मरते, चोरीला जाते. झाड कुठं पळतं?" हॉटेलातले सगळे हसले. "रोज चारावं लागतं का झाडाला?"

ते वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं. रोज चारावं लागत नाही. ते झाड कुठे आहे, ते तोडायचं कोणी, विकत घ्यायचं कोणी, कंपनी कुणाची, यातलं काहीही मी विचारलं नाही. बाजारात शेळी घेताना मी तिचे दात बघायचो, कास चाचपायचो, तिला चार पावलं चालवून बघायचो. झाडाचा नुसता फोटो बघितला. आज मागे वळून बघताना वाटतं, मला पैसा हवा असता तर मी विचारलं असतं. मला पैसा नको होता, मला गोदीपेक्षा जास्त हवं होतं, आणि तेही तिच्या पद्धतीने नको होतं. दिवाळीला ती वाडग्याकडे धावेल तेव्हा मी खिशातून रंगीत सर्टिफिकेट काढीन आणि आबा माझ्याकडे वळतील, एवढंच चित्र मला दिसत होतं. माझ्यासाठी पोरगी बघणं चाललं होतं. सर्टिफिकेट चौकटीत लावलं तर पाहुण्यांवर छाप पडेल, हाही एक विचार होता.

पैसे कुठून आणायचे? आबांच्या शेळ्या विकल्या तर चोरी झाली असती, असं मला वाटायचं. गोदीच्या तेव्हा सोळा झाल्या होत्या. त्यातल्या आठ म्हणजे निम्म्या, आणि निम्म्या म्हणजे इतक्या वर्षांची माझी अर्धल. मनाशी हा हिशोब मी इतक्या वेळा केला की तो मला न्यायाचा वाटायला लागला. आबा तापाने घरी पडले होते त्या आठवड्यात मी कळप एकटाच नेला आणि डाव्या कानाला काप असलेल्या आठ निवडून गोरेगावला नेल्या. व्यापाऱ्याने ताटीतून निसटून त्यांच्यामागे धावत आलेली करडं बघून हात झटकले. "बच्चे नक्को भाई. मैं क्या बाटली लेको बैठूँ?" त्यातल्या काही गाभण होत्या. त्याने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. करडं कळपाबरोबर माघारी घेऊन आलो. पैसे साहेबाच्या हातात पडले आणि माझ्या हातात हिरव्या कागदावर सोनेरी झाड छापलेलं सर्टिफिकेट.

त्या सांजेला माय ताटी उघडून उभी राहिली. कळप आला, करडं धावली, गोंधळ झाला, आणि मग शांतता व्हायची ती झालीच नाही. काही करडं नुसती या शेळीकडून त्या शेळीकडे फिरत ओरडत राहिली. शेळ्या त्यांना हुंगून लाथ मारत होत्या. आबा अंगावर घोंगडी घेऊन बाहेर आले. दाराशी उभं राहून त्यांनी ऐकलं. मी म्हणालो, "डोंगराआड चुकल्या वाटते काई. सकाळी आणतो." आबा म्हणाले, "व्हय का." बस एवढंच. मग तापल्या अंगाने ते वाडग्यात आले, एकेक ओरडतं करडू उचलून दुसऱ्या शेळीखाली धरलं, शेळीने मारलं की तिचा पाय धरून ठेवला. मायने चूल सोडून दिवा धरला. मला कुणी काही सांगितलं नाही. सकाळी मी शेळ्या शोधायला गेलो नाही आणि आबांनी विचारलंही नाही.

पुढे दिवाळीला गोदी नेहमीसारखी जीपने आली नाही. भाड्याचा टेम्पो घेऊन आली, सोबत व्यापारी. टेम्पो रस्त्यावर उभा करून ती आत आली तेव्हा तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका उजळ होता. डोंगरकड्याला एका माणसाला लेकीच्या लग्नासाठी दोन एकर विकायचे होते, विहिरीसकट. गोदीने पोस्टातलं पत्र मोडून इसार दिला होता. बाकीचे पैसे मुदतीत भरले की जमीन तिची. नाही भरले तर इसार बुडाला. "माय, माझ्या नावानं सातबारा व्हणार हाय," ती म्हणाली. मायच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आमच्या घरात बाईच्या नावाने काही असू शकतं हेच मायला ठाऊक नव्हतं. टेम्पो बघून शेजारपाजारची चार माणसंही आत आली होती.

गोदी वाडग्यात शिरली. मी कुंपणाजवळ उभा राहिलो. तिने आपल्या शेळ्यांना नावं ठेवली होती, ती एकेकीला हाक मारत फिरली. मग थांबली.

"दादा, बाकीच्या कुठं हायत?"

"मेल्या." मी म्हणालो. "श्रावणात हगवण लागली व्हती साऱ्या कळपाला."

"माझ्याच कशा मेल्या?"

"रोगाला काय कान वाचता येतेत व्हय?" शेजारचा एकजण फिसकन हसला.

गोदी हसली नाही. "मंग कान दाखव," म्हणाली.

वाडग्यात घंटा वाजत होत्या, टेम्पोवाला हॉर्न मारत होता. आलेली माणसं आता गप्प झाली होती, कारण नियम सगळ्यांना माहीत होता. गोदी माझ्याकडे बघत राहिली आणि तिला कळलं. नुसतं कळलं नाही, तिच्या डोळ्यांत मला दिसलं की ती आता बोलणार. तेवढ्यात आबांचा आवाज आला. ते दगडावर बसले होते, तळहातावरची तंबाखू तशीच.

"कान म्या पुरले," आबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"दाखवायचे ऱ्हाऊन गेले. तापात व्हतो."

"आबा," गोदी हळू म्हणाली, "तुमी पाह्यल्या मेल्याल्या?"

"व्हय. म्याच पुरल्या."

तिने आणखी काही विचारलं नाही. आबा बोलले म्हणजे विषय संपला, साऱ्या गावासाठी संपला. उरलेल्या आठ शेळ्या आणि त्यांची करडं तिने व्यापाऱ्याबरोबर टेम्पोत चढवली. माय म्हणाली, "जेवून तरी जा." गोदीने मायच्या पायाला हात लावला. आबांच्या लावला नाही. टेम्पो निघाला तेव्हा शेळ्या ओरडत होत्या. आणि मला त्या क्षणी काय वाटलं असेल? लाज वाटली, भीती वाटली, ते सगळं होतंच. पण आबा तिच्याच दिशेला बघत बसले होते आणि माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही, याचा मला राग आला. खोटं माझ्यासाठी बोलले, आणि डोळ्यांत ती.

पैसे कमी पडले. जमीन दुसऱ्याने घेतली, इसार बुडाला. पोस्टात ठेवलेलं आणि वाडग्यात वाढवलेलं, दोन्ही गेलं. गोदी परत केळीच्या बागांत रोजाने जायला लागली आणि साखऱ्याला यायची बंद झाली. आबांनी माझ्या हातात काठी दिली. "उद्यापसून तूच ने," म्हणाले. त्यानंतर ते वाडग्यात शिरले नाहीत. लोकांच्या शेळ्या त्यांनी सहा महिन्यांत एकेक करून परत केल्या. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता नजर काम करत न्हाई." नजर चांगली होती. रस्त्याने येणारी प्रत्येक जीप ते लांबून ओळखायचे.

काही वर्षांनी आबा गेले. गोदी आली, अंगणात उभी राहिली, तेरवीला थांबली नाही. मग जे बोललं गेलं ते आजतागायत बोललं जातं. "बकऱ्यांपायी बाप सोडला." "पोरीला कितीबी दे, पोरगी घर धुऊनच नेते." माझ्यासमोर कुणी असं म्हणालं की मी म्हणायचो, "जाऊ द्या, बहीण हाय माझी." त्यावर लोक माझ्याकडे मोठ्या आदराने बघायचे. भाऊ असावा तर असा. तो आदर मी घेतला. पंगतीत, लग्नात, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, सगळीकडे घेतला.

झाडांचं काय झालं तेही सांगतो. माझं लग्न झालं, सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, पाहुण्यांनी ते बघून मान हलवली. मग साहेब बाजारात दिसेनासा झाला. हिंगोलीच्या ऑफिसला कुलूप. हिंगोली जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. मी सर्टिफिकेटावरचा पत्ता विचारत दोन बस बदलून झाडं बघायला गेलो. माळरानावर कंपनीची गंजलेली पाटी होती आणि काही खड्डे. एखाददुसऱ्या खड्ड्यात हातभर काडी उभी होती. एक म्हातारा तिथे शेळ्या चारत होता. मी विचारलं, "इथं सागवान व्हतं ना?" तो म्हणाला, "व्हतं की. पाला गोड लागते त्यांना." आणि शेळ्यांकडे बोट दाखवलं. माझी झाडं शेळ्यांनी खाल्ली होती. मी तिथेच बांधावर बसलो आणि मला हसू आलं, मग ते हसू थांबेना. म्हातारा घाबरून कळप पुढे घेऊन गेला.

तिथून पुढे मी शिकलो. कुणी शिकवलं नाही, पुस्तक वाचलं नाही, गोदीने जे केलं तेच करत गेलो, फक्त ते तिचं आहे हे मनाशीसुद्धा मान्य केलं नाही. माद्या राखल्या. ईदीला बोकड विकला की पोस्टात महिन्याचं खातं काढून थोडे थोडे भरत गेलो. पहिली दोन वर्षं काहीच होत नाही असं वाटतं. मग एक दिवस पासबुकातलं व्याज बघून लक्षात येतं की या आकड्यात मी न कमावलेलं काहीतरी आहे, आणि आता त्यालाही पिल्लं होत आहेत. ते बघताना मला आनंद व्हायला हवा होता. मी मनात गोदीच्या आठ शेळ्यांचं काय झालं असतं ते मोजत बसायचो. त्यांना पिल्लं, पिल्लांना पिल्लं, निम्मं पोस्टात. दरवर्षी तो आकडा माझ्या पुढेच पळायचा. नसलेल्या शेळ्यांचाही मला मत्सर वाटत होता.

शेवटी एकदा आठ शेळ्यांचे पैसे, तेव्हाच्या बाजारभावाने, घेऊन मी डोंगरकड्याला गेलो. दुपार होती. गोदी अंगणात केळीची पानं सुकवत होती. तिने तोवर एक एकर घेतलं होतं, विहिरीविना. केस पिकले होते. तिने पाणी दिलं, चहा टाकला. मी पैसे पुढे ठेवले आणि काय ते एका दमात सांगून टाकलं. ती ऐकत राहिली.

"आठाचेच?" तिने विचारलं.

"आठाचे."

"अन् त्यांच्या लेकरांचे? नातवांचे? शेळी विकली तवा का तिचं पोट बांधून विकली व्हती?" ती थोडी हसली. "ऱ्हाऊ दे दादा. तेवढं तर तुझं घर विकून बी व्हायचं न्हाई. उचल ते."

"मंग काय देऊ?"

"गावात सांग. देवळापुढं चार माणसं बसतेत ना, त्यांना सांग. म्या बापाला बकऱ्यांपायी सोडलं न्हाई म्हणून सांग."

"आबांचं नाव येईन त्यात. खोटं बोलले म्हणतीन लोक."

"बोललेच की." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. चहा उतू गेला, तिने फडक्याने पातेलं उतरवलं, तशीच उभी राहिली. "दादा, शेळ्यांचं म्या कवाच सोडून देलं. जमिनीचं बी. एक सांग मला. आबांनी ज्या नियमासाठी साऱ्या जिंदगीत कोणाचं ऐकलं न्हाई, तो त्यांनी तुझ्यासाठी मोडला. माझ्यासाठी मोडला असता का रे? मी तुझ्या जागी असती, तर माझ्यासाठी खोटं बोलले असते का आबा?"

मी पैसे उचलले आणि निघालो. परतीच्या जीपमध्ये मात्र मला काय वाटत होतं ते ओळखायला फार वेळ लागला नाही. मला बरं वाटत होतं. जन्मभर मी तिच्यावर जळलो आणि तीही माझ्यावर जळत होती, हे ऐकून बरं वाटलं होतं. गावात मी सांगितलं नाही. आबांचं नाव राखायचं आहे, असं बायकोला आणि स्वतःला सांगत आलो. पण ते खरं नव्हतं. आबांनी तिला शेळी दिली, वेळ दिला, बोलणं दिलं. मला त्यांनी ते एक खोटं दिलं. तेवढंच फक्त माझं होतं आणि ते मला वाटून घ्यायचं नव्हतं.

आता पोरं मोठी झाली, मायही गेली, देवळापुढे बसणारी माणसंही बदलली. त्यांच्यापुढे बोलायला माझी जीभ अजून उचलत नाही, म्हणून लिहून देतो. गोदावरीच्या आठ शेळ्या मेल्या नव्हत्या. त्यांतल्या काही गाभण होत्या. मी त्या गोरेगावला विकल्या. आबांनी काही पुरलं नाही, ते माझ्यासाठी खोटं बोलले. तिने बापाला सोडलं नाही, त्या दिवशी बापाने तिला सोडलं, आणि ते माझ्यामुळे. ज्यांनी ज्यांनी मला चांगला भाऊ म्हटलं, त्यांनी ते आता परत घ्यावं.